हार्वर्डचा कट-ऑफ किती?

काउन्सेलरबाई घरी येणार म्हणून कोथरूडमधल्या त्या दिवाणखान्यात ठेवणीतल्या बशा बाहेर निघाल्या होत्या. पोह्यांवर नेहमीपेक्षा जास्त खोबरं होतं. टीपॉयवर एक जाडजूड फोल्डर होता आणि त्यात बालवाडीतल्या वेशभूषा स्पर्धेपासून परवाच्या गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीपर्यंत चिरंजीवांचं सगळं आयुष्य लॅमिनेट करून ठेवलेलं होतं. दहावीला ९८.६० टक्के. 'एसएटी' नावाच्या अमेरिकी परीक्षेत १६०० पैकी १५५०. तीर्थरूपांनी चष्मा पुसला आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"हार्वर्डचा कट-ऑफ किती लागतो?"

"तसा कट-ऑफ नसतो, सर."

"बरं. मागच्या वर्षी किती लागला होता?"

तीर्थरूपांना हसण्यात अर्थ नाही. कट-ऑफ ही मराठी मध्यमवर्गाची पंचांगाच्या खालोखाल श्रद्धेची गोष्ट आहे. अकरावीला कुठलं कॉलेज कितीला बंद झालं, सीओईपीच्या कॉम्प्युटर शाखेची यादी पहिल्या फेरीत कुठे थांबली आणि तिसऱ्या फेरीत किती घसरली, हे त्यांना स्वतःच्या रक्तदाबापेक्षा नेमकं ठाऊक असतं. सीईटीचा पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत येतो आणि त्यातला सातवा आकडासुद्धा ही मंडळी आदराने उच्चारतात. या व्यवस्थेचा मोठा गुण असा, की इथे अपयशालाही माप असतं. "अर्ध्या टक्क्याने गेलं हो!" हे वाक्य पुढची वीस वर्षं लग्नकार्यात सांगता येतं. अमेरिकेतलं विद्यापीठ नुसतं 'नाही' म्हणतं. कितीने नाही, ते सांगतच नाही. अशा नकाराचं करायचं काय, हे मराठी घराला अजून कोणी शिकवलेलं नाही.

कट-ऑफ मिळेना, तेव्हा आजोबांनी 'चान्स' काढायला घेतला. २०२४च्या वसंतात हार्वर्डने निकाल लावले तेव्हा ५४,००८ अर्ज होते आणि होकार १,९३७ जणांना. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जरा वर. आजोबांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला आणि जाहीर केलं, "अठ्ठावीस जणांत एक." सोसायटीच्या त्या विंगमध्ये बरोबर अठ्ठावीस फ्लॅट. "मग आपलाच की!" मातोश्री म्हणाल्या. उरलेल्या सत्तावीस फ्लॅटमध्येही हेच म्हणत असतील, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही.

हा भागाकार सोपा असला तरी फसवा आहे. त्या अठ्ठावीसमध्ये सगळे सारखे नसतात. काहींची नावं विद्यापीठाच्या नौकानयन संघाने आधीच हेरलेली असतात, काहींचे वडील तिथेच शिकलेले असतात. परदेशी मुलांची वाट तर आणखी चिंचोळी. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत पदवीच्या वर्गांमध्ये परदेशी विद्यार्थी साधारण दहा टक्के. त्या दहा टक्क्यांत भारत, चीन, ब्राझील, नायजेरिया, रोमानिया असं सगळं भूगोलाचं पुस्तक बसवायचं असतं.

"पण शेजारच्यांचा मुलगा आहे की अमेरिकेत," ही हरकत अपेक्षितच होती. शेजारच्यांचा मुलगा एमएसला गेला आहे आणि ती वेगळी गंगा आहे. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनलाही मागे टाकलं. त्यांतले बारावीनंतर थेट पदवीला गेलेले फक्त ३६,०५३. तेही अमेरिकेतल्या लहानमोठ्या सगळ्या कॉलेजांत मिळून.

राहिले गुण. इथे खरं दुःख आहे. हार्वर्डवर प्रवेशावरून खटला झाला, तेव्हा बंद कपाटातले बरेच कागद उजेडात आले. २०१९मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज आले होते आणि जागा होत्या सोळाशेच्या आसपास. अर्जदारांपैकी आठ हजारांहून अधिक मुलांचे शाळेतले गुण पैकीच्या पैकी होते. एसएटीच्या भाषेच्या भागात पैकीच्या पैकी मिळवणारे सुमारे २,७०० आणि गणितात त्याहून जास्त. म्हणजे नुसत्या पहिल्या नंबरवाल्यांना घ्यायचं ठरवलं असतं तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना उभं राहूनच शिकावं लागलं असतं.

मराठी माणसाला हे चित्र अगदीच परकं नाही. २०२४च्या दहावीच्या निकालात महाराष्ट्रात १८७ मुलांना शंभर टक्के होते आणि त्यांतली १२३ एकट्या लातूर विभागातली. आपल्याकडे अशा वेळी सगळ्यांना पेढे मिळतात. हार्वर्डच्या प्रवेश कचेरीत मात्र विचारतात, "शंभर टक्के, छान. आणखी काय?"

हे 'आणखी काय' आलं कुठून, याची गोष्ट काउन्सेलरबाईंच्या माहितीपत्रकात नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्येही परीक्षा पास झाली की प्रवेश मिळे. मग अडचण अशी झाली, की स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुलं ती परीक्षा फारच चांगली पास होऊ लागली. १९२२च्या सुमाराला पहिल्या वर्षात त्यांचं प्रमाण पाचात एकाच्या वर गेलं. अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांनी आधी उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. त्यावर गदारोळ झाला. मग अर्जात नवे रकाने आले. वंश कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, आणि जन्मानंतर स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केलाय का? पुढे फोटो आला, शिफारसपत्रं आली आणि 'चारित्र्य' नावाचा, मोजता न येणारा विषय आला. जेरोम काराबेल यांनी 'द चोझन' या २००५च्या पुस्तकात हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. आडनावावरून माणसाची चौकशी करायची ही पद्धत ऐकून आजोबांना विद्यापीठाविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

शंभर वर्षांत हेतू बदलले, रकाने राहिले. आता त्या सगळ्याला 'होलिस्टिक' म्हणतात. हार्वर्डच्या कचेरीत अर्जदाराला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा बाबींत एकपासून सहापर्यंत श्रेणी मिळते. एक म्हणजे उत्तम. त्या खटल्यात उघड झालं, की आशियाई वंशाच्या अमेरिकी मुलांना अभ्यासात वरच्या श्रेणी मिळत, पण व्यक्तिमत्त्वात सरासरीने खालच्या. विद्यापीठ भेदभाव करत नाही असा निकाल खालच्या कोर्टाने २०१९मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये तो फिरवला आणि प्रवेशात वंशाचा विचारच बंद केला. कायद्याचं काय व्हायचं ते झालं, पण 'व्यक्तिमत्त्वात कमी गुण' हे शब्द कोथरूडच्या दिवाणखान्यात फार लागले. कारण व्यक्तिमत्त्वाचा क्लास लावलेलाच नव्हता.

मग फोल्डर उघडला. 'कॉमन ॲप' नावाच्या सामायिक अर्जात उपक्रमांसाठी दहाच जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. मातोश्रींकडे एकतीस उपक्रम होते. अथर्वशीर्ष पाठांतर, अबॅकसच्या आठ पायऱ्या, तबल्याच्या दोन परीक्षा, सिंहगड चढण्याची स्पर्धा आणि चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा, 'अ' श्रेणी. या शेवटच्या गोष्टीवर त्यांची फार भिस्त होती. आपल्या बोर्डात कलेचंही माप ठरलेलं आहे. इंटरमीजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीच्या बेरजेत सात गुण पडतात. मडकं, फळं आणि मागे लोंबणारं फडकं एकदा जमलं, की सौंदर्यदृष्टीचा हिशेब चुकता.

"हार्वर्डमध्ये त्याचे किती धरतात?" त्यांनी विचारलं.

काउन्सेलरबाईंनी पोह्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आपल्याला एक स्पाइक लागेल." स्पाइक म्हणजे सगळ्यांत थोडं थोडं न करता एकाच गोष्टीत सुळका काढायचा. सोळा वर्षं ज्या मुलाला 'सगळ्यांत लक्ष घाल' म्हणून वाढवलं, त्याला आता 'एकातच वेडा हो' म्हणायचं होतं. तेही सहा महिन्यांत, रविवार वगळून.

असं वेड बाजारात मिळतं, हे लवकरच कळलं. मोठ्या शहरांतल्या काउन्सेलरांकडे त्याची पॅकेजेस असतात आणि भाव लाखांत असतो. शोधनिबंधाला एक दर, ॲपला दुसरा. समाजसेवेची संस्था सर्वांत लोकप्रिय, कारण तिला लोगो असतो. मुंबई-पुण्यात सोळा-सतरा वर्षांचे इतके संस्थापक तयार झाले आहेत, की वस्तीतल्या मुलांना एकाच शनिवारी तीन संस्थांकडून सॅनिटरी पॅड, कोडिंग आणि मानसिक आरोग्य यांचे धडे मिळतात. चौथी संस्था फोटो काढायला येते. अर्ज गेला, की संस्था मिटते. तिचं विसर्जन अनंत चतुर्दशीच्या आधीच झालेलं असतं.

मग निबंध. ६५० शब्द. मराठी शाळेत निबंध म्हणजे 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'मी फळा बोलतोय'. फळ्याच्या मनातलं सांगण्यात आपली मुलं पटाईत असतात. स्वतःच्या मनातलं मात्र कोणी कधी विचारलेलंच नसतं. अमेरिकेत तेच विचारतात. स्टॅनफर्डला भावी रूममेटला पत्र लिहून हवं असतं आणि समाजापुढचं सर्वांत मोठं आव्हान कोणतं, हे पन्नास शब्दांत. शिकागो विद्यापीठ तर चक्रमपणासाठीच प्रसिद्ध आहे. विषम संख्यांमध्ये एवढं विषम काय, बुधवारबद्दल तुम्हाला काय वाटतं, असे प्रश्न त्यांनी अर्जात खरोखर विचारले आहेत. बुधवारबद्दल चिरंजीवांना एवढंच वाटत होतं, की त्या दिवशी फिजिक्सचा डबल क्लास असतो.

उदाहरणं शोधली तर गोंधळ वाढला. २०१६मध्ये एका अमेरिकन मुलीने कॉस्टको या घाऊक दुकानाबद्दल निबंध लिहिला आणि तिला पाच आयव्ही लीग विद्यापीठांबरोबर स्टॅनफर्डनेही होकार दिला. तीर्थरूपांनी त्याच संध्याकाळी चिरंजीवांना डीमार्टला नेलं. दोन तास हिंडून पाच किलो तूरडाळ आणि एक पायपुसणं मिळालं, अंतर्दृष्टी काही सापडली नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मुलाने 'तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं आणि का' या स्टॅनफर्डच्या प्रश्नाला एकच हॅशटॅग शंभर वेळा लिहून उत्तर दिलं आणि त्यालाही घेतलं. आपल्याकडे तीच ओळ शंभर वेळा लिहायची शिक्षा असते. त्याबद्दल शिष्यवृत्ती कोणी देत नाही.

काउन्सेलरबाईंनी वाट दाखवली: संकटावर लिहा. कॉमन ॲपमध्ये अडथळा, अपयश किंवा धक्का यांवर रीतसर एक प्रश्नच असतो. इथे घरात शांतता पसरली. चिरंजीवांच्या आयुष्यात संकट नव्हतं. "आम्ही कशालाच कमी पडू दिलं नाही, तिथेच चुकलं," मातोश्री म्हणाल्या. लॉकडाउन सगळ्यांनाच होता. सातवीतला अपेंडिक्स निघाला होता, पण सुखरूप निघाला होता. जवळच्या माणसाचा वियोग, असं बाईंनी हळूच सुचवलं आणि सगळ्यांच्या नजरा आतल्या खोलीकडे वळल्या.

"मी ऐकतेय हो," आजी आतून म्हणाल्या.

आजींनी घाबरून जाणं अगदीच निराधार नव्हतं. २०२४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात शिकणारा एकोणीस वर्षांचा भारतीय मुलगा पकडला गेला. त्याने गुणपत्रिका बनावट केल्या होत्याच, वर पूर्ण आर्थिक मदत मिळावी म्हणून हयात वडिलांच्या मृत्यूचा दाखलाही जोडला होता. सगळं पचलं होतं. मग त्याला स्वतःच्या हुशारीची निनावी फुशारकी मारायचा मोह झाला. विद्यापीठाने त्याला काढून टाकलं आणि त्याला मायदेशी परतावं लागलं.

त्या मदतीची गरज का पडते, हे खर्चाकडे पाहिलं की कळतं. २०२४-२५ साली हार्वर्डचं वर्षभराचं शिक्षण, राहणं आणि जेवण मिळून ८२ हजार डॉलरांच्या वर जात होतं, म्हणजे साधारण सत्तर लाख रुपये. चार वर्षांत कोथरूडचा फ्लॅट पार्किंगसकट गेला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट अशी मोजकीच विद्यापीठं परदेशी मुलांना घेतानाही ऐपत बघत नाहीत आणि घेतलं की लागेल ती मदत करतात. बाकी बऱ्याच ठिकाणी मदतीच्या रकान्यात खूण केली, की अर्जाचं वजन कमी होतं. स्थळ बघताना हुंडा नको म्हणतात आणि मग पत्रिका जुळत नाही, तसंच.

"आणि उलटं? म्हणजे आपणच काही दिलं तर?" तीर्थरूपांचा आवाज खाली आला. डोनेशन हा शब्द त्यांनी ऐंशीच्या दशकात निघालेल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कृपेने फार पूर्वीच शिकलेला. मॅनेजमेंट कोटा तिथेही असतो हे कळल्यावर त्यांचा अमेरिकेवरचा विश्वास बसला. दर कळल्यावर उडाला. पत्रकार डॅनिअल गोल्डन यांनी दाखवून दिलं आहे, की जॅरेड कुशनर हार्वर्डला जाण्याच्या सुमाराला, १९९८मध्ये, त्यांच्या वडिलांनी विद्यापीठाला पंचवीस लाख डॉलर देण्याचं वचन दिलं होतं. ज्यांना एवढं परवडेना त्यांच्यासाठी रिक सिंगर नावाच्या गृहस्थाने 'बाजूचं दार' काढलं. न खेळणारी मुलं खेळाडू म्हणून आत जाऊ लागली. एका बापाने तर मुलाला घरच्या पोहण्याच्या तलावात उतरवून वॉटर पोलोचे फोटो काढून घेतले. २०१९मध्ये हे सगळं उघडकीला आलं आणि पुढे सिंगर तुरुंगात गेला. वडील तिथेच शिकलेले असले की त्या वशिल्याला इंग्रजीत 'लेगसी' म्हणतात, एवढी भर मात्र आजोबांच्या ज्ञानात कायमची पडली.

शिफारसपत्रांचा प्रश्न वेगळाच निघाला. चिरंजीव 'इंटिग्रेटेड' कॉलेजात होते, म्हणजे नाव कॉलेजात आणि मुलगा क्लासमध्ये. प्राध्यापकांनी त्यांना प्रॅक्टिकलच्या दिवशी दोनदा पाहिलं होतं, त्यातही एकदा पाठमोरं. तरी माणूस भला. त्यांनी लिहिलं: 'सदर विद्यार्थी सालस, नियमित व आज्ञाधारक आहे.' आपल्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. पण तिकडच्या कचेरीला वर्गात सरांशी वाद घालणारा मुलगा हवा असतो. आज्ञाधारक हा शब्द वाचून, याला काही आजार आहे का, अशी शंका त्यांना यायची.

यातून कोणी पार होतच नाही असं नाही. २०१६मध्ये मुंबईची एक सतरा वर्षांची मुलगी एमआयटीत गेली. तिच्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्रच नव्हतं. आईने तिला सातवीच्या सुमाराला शाळेतून काढलं आणि घरीच आवडेल ते शिकू दिलं. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधली तीन पदकं मात्र तिच्या नावावर होती आणि तिकडे तेवढं पुरलं. ही गोष्ट ऐकून मातोश्रींनी फक्त एवढंच विचारलं, की शाळा सोडणं हे दहा उपक्रमांत धरतात का.

त्याच्याही आधीची उदाहरणं आहेत. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी १९२९मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. वडील धर्मानंद तिथे बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी गेले होते, म्हणून लहानपणी मुलगाही गेला. "म्हणजे वशिलाच की!" तीर्थरूप म्हणाले. पण मुलाने पदवी घेतली ती सर्वोच्च श्रेणीत, हे त्यांनाही नाकारता येईना.

आणि १८८३मध्ये, न्यू जर्सीत पोचलेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला. उपक्रम: शून्य. संस्था: शून्य. शिफारस अशी, की पती गोपाळरावांचं एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहताना वाचलं. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसत नसू, हे आनंदीबाईंनी अर्जातच मोकळेपणाने लिहून टाकलं. आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शिकायचंय, हेही लिहिलं. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना घेतलं. १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. तो अर्ज आज काउन्सेलरबाईंकडे आला असता, तर त्यांनी पहिलाच परिच्छेद लाल शाईने खोडला असता. आपली उणीव स्वतःहून सांगायची नसते, हा त्यांच्या पॅकेजमधला पहिला धडा.

निकाल मार्चअखेरीला लागले. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इथले पहाटेचे साडेचार, काकड आरतीची वेळ. सगळं घर उठून लॅपटॉपभोवती बसलं होतं. आजींनी देवापुढे दिवा लावला होता, मातोश्रींच्या हातात साखरेची वाटी होती. एकामागून एक पानं उघडत गेली. प्रत्येक विद्यापीठाला अर्ज वाचून अतिशय आनंद झाला होता, यंदा गुणी मुलं फारच आली होती आणि चिरंजीवांना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा होत्या. इतका गोड नकार पुण्यात कोणी कधी ऐकला नव्हता. तीर्थरूप प्रत्येक पान शेवटपर्यंत खाली सरकवत होते. कितीने गेलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शेवटच्या पानावर मात्र 'नाही' नव्हतं. चिरंजीवांनी ते दोनदा वाचलं. "वेटलिस्ट," ते म्हणाले.

दिवाणखान्यात एकदम जीव आला. दिवाळीच्या गर्दीत महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढून पुण्याहून नागपूरला वेटिंगवर गेलेला आणि पोचलेला माणूस त्या घरात होता. तीर्थरूपांनी चष्मा पुसला.

"वेटिंग नंबर किती?"

"नंबर नसतो, बाबा."

"असं कसं? बरं, चार्ट कधी लागतो?"